झंझाचं पायताण

"चहा ठेव आणि जा," बाबा म्हणाले, पण मी गेले नाही.

मुंबईहून आलेल्या बाई आमच्या कारखान्यात चटईवर मांडी घालून बसल्या होत्या. कारखाना म्हणजे तरी काय, कोल्हापुरात सुभाषनगरातल्या आमच्या घराची पुढची खोली. एका कोपऱ्यात कातड्याची चवड, एका कोपऱ्यात बाबांची बसायची जागा आणि सगळीकडे तो वास, जो बाहेरच्यांना आल्या आल्या येतो आणि आम्हाला कधीच येत नाही. बाईंनी बॅगेतून एक मोठा कागद काढून जमिनीवर उलगडला होता. त्यावर माणूस नव्हतं. गुडघ्याखालचा एक पाय होता, पायात चप्पल, आणि डाव्या घोट्याभोवती निळी तीन वळणं.

 ती तीन वळणं मी वह्यांच्या मागच्या पानांवर, बाकांवर आणि बॉलपेनानं स्वतःच्या घोट्यावर इतक्या वेळा काढली होती की झोपेतही ओळखली असती. तो पाय झंझाचा होता.

झंझा कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. झंझा ही कॉमिक्समधली बाई. वाऱ्याची मालकीण. अनवाणी पाय जमिनीवर टेकला की वारा तिचं ऐकतो, आणि मग समोरच्या टोळीची काय दाणादाण उडते ते बघण्यासारखं असतं. मी सहावीत असताना रद्दीवाल्याकडं तिचा नववा अंक मिळाला आणि मी कामातून गेले. ही गोष्ट घडली तेव्हा मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते, अडुसष्टच्या अडुसष्ट अंक माझ्या पत्र्याच्या पेटीत होते. झंझाचा मग, झंझाची किल्ली अडकवायची साखळी, झंझाचं कंपासपेटीवर चिकटवायचं चित्र, असं सगळं कुठं कुठं धुंडाळून आणलेलं होतं. फेसबुकवर मी तिचं एक मराठी पान चालवत होते. नवा अंक कधी येणार, सिनेमाचं काम कुठवर आलं, खरा मग कुठला आणि नकली कुठला, सगळं त्यावर. तेवीसशे लोक ते पान वाचायचे. तिथं माझं नाव 'वावटळ' होतं. कुणाचा वाद झाला की शेवटी कुणीतरी लिहायचंच, "वावटळीला विचारा." घरात मला कोण काय विचारतंय? पण तिथं माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. आणि त्याचा मला माज होता, हेही कबूल करते.

"कुठल्या पिक्चरसाठी म्हणायचं हे?" बाबांनी कागद जवळ ओढला.

"ते नाही सांगता येणार, बळवंतराव. करारच तसा आहे," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव रेवती प्रधान, सिनेमातल्या कपड्यांचं काम बघायच्या. "आणि तुम्हीही कुणाला सांगायचं नाही. चित्र बाहेर जायला नको, चप्पल बाहेर जायला नको, गोष्टसुद्धा बाहेर जायला नको."

"आमाला काय करायचंय नाव घेऊन. पायाचं माप द्या, झालं."

"आणि एक. ती पायातून एका झटक्यात निघाली पाहिजे. पण एरवी चालताना, पळताना अजिबात निघता कामा नये."

बाबांचे डोळे चमकले. असली अडचण त्यांना जेवणापेक्षा प्यारी. त्यांनी पाठीमागं वळून हाक मारली, "आक्का, जरा बघ की हिकडं."

आत्ती आली. शेवंता आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. माझी आई मी चौथीत असताना वारली, तेव्हापासून माझी वेणीफणी, डबा, ताप, सगळं आत्तीनंच बघितलं. आमच्या धंद्यात कातडं कापायचं, ठोकायचं काम पुरुषांचं, आणि पट्ट्यावरची कातड्याची वेणी विणायचं काम बायकांचं. गल्लीतल्या कट्ट्यावर दुपारी बायका पायाच्या अंगठ्याला कातड्याचे बारीक पदर अडकवून विणत बसतात, हात चालू आणि तोंडही चालू. पण अकरा पदरी वेणी आख्ख्या गल्लीत एकट्या आत्तीला यायची. बाकीच्या सात-नऊवरच थकायच्या.

आत्तीनं चित्र नीट बघितलं. "हे अकरा पदर हायेत. काढणाऱ्यानं मोजून काढल्यात."

"जमतील?" बाईंनी विचारलं.

"न जमायला काय झालं? पर कट्ट्यावर बसून न्हाई. हितंच आत बसते मी."

जाताना बाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "सिनेमा संपल्यावर नावं येतात ना, त्यात तुमचं नाव येणार आहे. मी वरच्या साहेबांकडून तसं लिहून घेतलंय."

  आमच्या धंद्यात चप्पल करणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. दुकानदार आपल्या दुकानाचा छाप मारतो आणि चप्पल त्याची होते. आजोबांनी जन्मभर चपला केल्या, बाबांनी तीस वर्षं केल्या, पण 'ही सातपुत्यांच्या हातची' असं कुठं लिहिलेलं मी बघितलं नव्हतं. त्या रात्री जेवताना बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, "वैजू, नाव कसल्या अक्षरात येतंय गं? मराठीत का इंग्रजीत?"

"इंग्रजीत येईल, बाबा."

"असू दे. तू हाईस की वाचायला."

अकरा दिवस मी तोंडाला कुलूप घातलं. सोपं नव्हतं ते. अडुसष्ट अंक अनवाणी फिरलेली माझी झंझा सिनेमात चप्पल घालणार होती, आणि ती का घालणार ते मला चित्र बघताक्षणी कळलं होतं. पाय झाकला की वारा झोपणार. आणि एका झटक्यात चप्पल काढली की... मला आठवूनही अंगावर काटा यायचा. हे सगळं माझ्या घरात, माझ्या नाकासमोर घडत होतं, आत्तीच्या बोटांतून, आणि मी मात्र पानावर नव्या मगाच्या किमती लिहीत बसले होते.

बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, नागपूरच्या एका पानानं बातमी टाकली. झंझाचा सिनेमातला पोशाख म्हणे त्यांच्या हाती लागला होता. खाली एक चित्र, त्यात झंझाच्या पायात चंदेरी रंगाचे टाचेचे बूट. टाचा एवढ्या की बाई उभी कशी राहणार हा प्रश्न.

मग काय, आगच लागली. लोक चवताळले. सिनेमावर बहिष्कार टाका, अंक जाळा, असलं काय काय लिहू लागले. माझ्या पानावर तासाभरात दोनशे जण. वावटळ, तू गप्प का? वावटळीला माहीत नाही वाटतं. वावटळ विकली गेली. आणि नागपूरचा तो पानवाला, त्यानं माझ्याच पानावर येऊन लिहिलं, "काही लोक नुसत्या मगांच्या किमती लिहितात. आतली बातमी आमच्याकडेच."

मी कॉलेजच्या लायब्ररीच्या पायरीवर बसले होते. मला त्या बुटांचा राग आला, त्या नागपूरवाल्याचा त्याहून आला, पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात असह्य झालं ते हे, की तेवीसशे लोक माझ्यासमोर चुकीचं बोलत होते आणि बरोबर काय ते मला माहीत होतं. चुकीचा अंक क्रमांक कुणी लिहिला तरी मला तो दुरुस्त केल्याशिवाय घास गिळवत नसे. मी लिहिलं, "बूट नाहीत. कोल्हापुरी चप्पल आहे, अकरा पदरी वेणीची. आणि लढायच्या आधी ती पायातून काढते. आता गप्प बसा."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पाठवल्यावर मिनिटभर मला कसं हलकं हलकं वाटलं. मग 'अकरा' हा शब्द मी परत वाचला. वीस मिनिटांत मी ते पुसून टाकलं. पण वीस मिनिटं म्हणजे काय कमी झाली? नागपूरवाल्यानं त्याचा फोटो काढून आपल्या पानावर लावला होता. संध्याकाळपर्यंत तो सिनेमाच्या बातम्या देणाऱ्या दोन ठिकाणी झळकला.

शुक्रवारी सकाळी दहाला बाबांचा फोन वाजला. मी आत चहा गाळत होते. बाबांचा आवाज येत होता, "व्हय मॅडम... न्हाई मॅडम... आमच्यातलं कुणी न्हाई, मी शपथेवर सांगतो..."  मग, "काम थांबवतो. बरं."

मी कपबशा घेऊन दारापर्यंत आले तर बाबा आत्तीसमोर उभे होते. आत्तीच्या मांडीवर अर्धी झालेली वेणी होती.

"आक्का, कट्ट्यावर कुणाजवळ बोललीस?"

"कशाबद्दल?"

"ह्या चपलेबद्दल! अकरा पदराची हाय हे साऱ्या दुनियेला कळलंय. मुंबईला कळलंय. त्या मॅडमची नोकरी जायची पाळी आली."

"मी न्हाई बोलले रं, बळू."

"मग कोण बोललं? मी? अकरा पदर तुझ्याबिगर ठावं कुणाला? बायका इचारत असतील, शेवंता कट्ट्यावर का येईना, आनि तू सांगून बसलीस. जिभेला हाड न्हाई तुझ्या!"

"बळू, मी न्हाई बोलले," आत्ती पुन्हा म्हणाली.  तिनं मांडीवरची वेणी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि बाबांच्या पाटाजवळ ठेवली. बाबांनी आपल्या थोरल्या बहिणीशी असं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मी दारात उभी होते. हातातला चहा गार झाला. एक वाक्य पुरे होतं. 'बाबा, ते मी लिहिलं.' चार शब्द. ते ओठांपर्यंत आलेही, पण बाबांचा चेहरा बघितला आणि माझी पाचावर धारण बसली. मी मनाशी म्हटलं, आता नको, बाबा शांत झाले की सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या सांगू.

"पुढच्या शनिवारी येतात मॅडम," बाबा मला म्हणाले. "तवर वरच्या सायबांचं काय ठरतंय ते ठरंल. चप्पल ऱ्हाती का जाती, आनि नाव..." पुढचं ते बोलले नाहीत.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. बाबांचा फोन वाजला की माझ्या हातातलं भांडं पडायचं. रस्त्यात कुणी 'वैजू' म्हणून हाक मारली तरी दचकायचे. पानावर लोक विचारत होते, वावटळ, तुला कुणी सांगितलं? वावटळ, तू कोल्हापूरची आहेस का? मी तिकडं बघायचंच सोडलं. बाबा दिवसभर बसून राहायचे, हातात कातडं कापायची रापी घ्यायचे आणि खाली ठेवायचे. आत्तीनं शुक्रवारीच सांगून टाकलं, "अंबाबाईचा उपास धरलाय मी. मला ताट वाढू नका." बाबांनी मान वर केली नाही. घरात बोलणं असं उरलं नाही. आत्ती आपलं काम करायची, मला डबा द्यायची, सवयीनं डोक्यावरून हात फिरवायची, आणि तो हात डोक्यावर आला की मला रडू फुटायचं. तिला वाटायचं, घरातल्या भांडणानं पोर घाबरली. ती उलट माझीच समजूत काढायची, "वैजे, मोठ्यांचं हुतंय असलं काय काय. तू अभ्यास कर."

शनिवारी सकाळच्या गाडीनं रेवती मॅडम आल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी माझ्या पानावरच्या त्या ओळींचा छापलेला कागद बाबांसमोर ठेवला. बाबांनी तो उलटा धरला, मग सरळ केला.

"बळवंतराव, सोमवारी मला वर सांगायचंय, हे फुटलं कुठून. तुमच्याकडून फुटलं असेल तर चप्पल आम्ही दुसरीकडून करून घेणार. आणि अर्थातच नाव वगैरे..."

"कळलं," बाबा म्हणाले. "माझ्या घरातनं फुटलं असंल तर माझाच दोष. आक्काला मधी घेऊ नका."

म्हणजे अजूनही त्यांच्या लेखी बोलणारी आक्काच होती. आत्ती आतल्या दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ती मागच्या अंगणात निघून गेली.

मॅडमना रिक्षापर्यंत सोडायला बाबांनी मला पाठवलं. आम्ही कोपऱ्यावर आलो. रिक्षा दिसली, मॅडमनी हात वर केला, आणि मी त्यांचा हात धरून खाली घेतला.

"मॅडम, वावटळ मी आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागावल्या नाहीत. रागावायचंही त्राण नसावं.

"का लिहिलंस?"

"ते बूट म्हणत होते. बूट नव्हते."

त्यांना हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो. मी सगळं सांगितलं, अडुसष्ट अंकांपासून अकरा पदरांपर्यंत. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघ. माझ्या साहेबांना फक्त एक उत्तर हवंय. कारखान्यातून बातमी फुटली, असं उत्तर असेल तर तुझ्या बाबांचं काम गेलं. पण कुठल्यातरी चाहतीनं मनानं रचून ठोकून दिलं, असं असेल तर प्रश्नच मिटला. चाहते रोज असल्या शंभर गोष्टी रचतात. पण ते तिनं स्वतः लिहायला हवं. सगळ्यांसमोर."

"काय लिहू?"

"की तू थाप मारलीस."

मी फोन काढला. माझ्या पानावर पाच वर्षांत एक ओळ खोटी नव्हती. मगाची किंमतसुद्धा दोन दुकानांत विचारून लिहिलेली. मी लिहिलं, "मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी चप्पल आणि वेणीबद्दल लिहिलं ते सगळं माझ्या मनचं होतं. मला सिनेमाबद्दल काहीही माहीत नाही. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून थाप मारली. माफ करा." मॅडमनी वाचलं, मान हलवली. मी पाठवलं.

"बाबांना सांगू नका," मी म्हटलं.

"ते तू बघ," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

लोकांनी मला सोललं. खोटारडी, थापाडी, आणि त्याहून घाण. नागपूरवाल्यानं तर माझ्या कबुलीची आरती ओवाळली. आठवड्यात तेवीसशेचे नऊशे उरले. मला त्याचं दुःख झालं, पण मनात कुठंतरी वाटलंही की चला, फिटलं. मी केलं, मी भरलं.

सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. बाबांनी तो ऐकला आणि खाली ठेवला. मग उठले, फडक्यातली वेणी घेतली आणि आत जाऊन आत्तीपुढं ठेवली.

"कुणा पोरीनं मनानंच लिहिलं हुतं म्हणं," ते म्हणाले. "काम चालू करायला सांगितलंय."

आत्तीनं वेणीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "बरं," म्हणाली, आणि पायाच्या अंगठ्याला पदर अडकवला. माफीबिफी कुणी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण त्या दिवशी आत्ती ताटावर बसली.

सिनेमा यायला वर्ष गेलं. त्याआधी सहा महिने सगळ्या गावात झंझाच झंझा. दप्तरं, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या. महाद्वार रोडवर एका गाड्यावर प्लास्टिकच्या झंझा चपला होत्या. बाबांनी एक उचलली, वेणीवर नख फिरवलं आणि गाडीवाल्याला म्हणाले, "ही वेणी न्हवं, नुसता छाप हाय." गाडीवाला म्हणाला, "मामा, घालणाऱ्याला काय कळतंय!" जाहिरातीत जेव्हा पहिल्यांदा झंझाचा पाय दिसला, तेव्हा माझ्या फोनवर पाऊस पडला. वावटळ, तू खरं बोलत होतीस! मग थाप का म्हणालीस? मी एकालाही उत्तर दिलं नाही.

पहिल्याच दिवशी बाराच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. बाबांनी लग्नातला सदरा घातला होता. आत्तीला थिएटरच्या गारव्यात थंडी वाजत होती. शेवटच्या लढाईत झंझानं एका झटक्यात चप्पल भिरकावली आणि लोकांनी शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेतलं. आत्ती मात्र माझ्या कानात म्हणाली, "लई जोरात टाकली गं. पदर तुटंल की."

सिनेमा संपला. दिवे लागले. नावं वर सरकू लागली आणि लोक उठले. कुणी थांबत नाही हे मला ठाऊक होतं, पण दारवाले पडदाच बंद करतात हे मी विसरले होते. दारातला म्हातारा ओरडला, "चला, चला, झाला पिक्चर!"

मी रांगेतून उड्या मारत त्याच्याकडं पळाले. "मामा, बंद नका करू. नावं बघायचीत."

"नावं? नावं कोण बघतंय?"

"आमच्या बाबांचं नाव आहे त्यात. झंझाची चप्पल त्यांनी केलीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रांगेत उभ्या असलेल्या बाबांकडं. वर मशिनवाल्याला मोठ्यानं हाक दिली, "चालू ऱ्हाऊ दे रं!" आणि स्वतःही कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

नावं संपता संपेनात. गाड्या चालवणारे, जेवण देणारे, दिवे लावणारे. बाबांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "आलं का गं?" "नाही अजून." "आलं का?" "नाही, बाबा."  मॅडम विसरल्या असतील तर? साहेबांनी ऐन वेळी काढलं असेल तर? आणि मग मला 'कोल्हापूर' दिसलं. त्याच्या आधीचं नाव मी वाचलं आणि माझ्या घशातून ओरडणंच निघालं.

"बाबा, त्यांनी चूक केली! नाव चुकीचं घातलंय!"

"कुणाचं घातलंय?"

"आत्तीचं. शेवंता सातपुते, कोल्हापूर."

"मग बरोबर हाय," बाबा म्हणाले.

आत्ती उठून उभी राहिली होती. "कुठं हाय? कुठं हाय गं?" पण तिचं नाव वर निघून गेलं होतं. दारातला म्हातारा म्हणाला, "आजी, तीनच्या खेळाला परत येतंय बघा." आत्तीनं पदर तोंडाला लावला आणि हसत की रडत दाराकडं निघाली. म्हातारा तिला वाट करून देत होता.

"मीच सांगितलं मॅडमला," बाबा हळूच म्हणाले. "नसता आळ घेतला मी आक्कावर. माफी मागायला तोंड उघडंना. म्हटलं, नाव तरी तिचं घालावं."

 मला वाटलं होतं मी भरलं. भरलं होतं बाबांनी. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते नाव त्यांनी उचलून देऊन टाकलं होतं, माझ्या एका ओळीपायी, आणि वर अपराधीही तेच होते. मला ते सोसेना.

"बाबा, ते मी लिहिलं होतं. ती पोरगी मीच. आत्तीचा काही दोष नव्हता आणि तुमचाही नव्हता. तुमचं नाव माझ्यामुळं गेलं."

बाबांनी खुर्चीची पाठ सोडली. पडदा आता पांढरा झाला होता. ते ओरडतील असं वाटलं, हात उगारतील असंही वाटलं.

"मी आक्काला बोलत हुतो तवा तू कुठं हुतीस?"

"दारात. चहा घेऊन."

त्यांनी दाराकडं, आत्ती गेली तिकडं बघितलं.

"नावाचं काय न्हाई गं," ते म्हणाले. "नाव तिचंच पायजे हुतं. पर तो उपास न्हवता, वैजू. धा दिस ती आपल्या ताटाला बसली न्हवती. आनि तू तिच्या हातचं जेवत हुतीस."

एवढं बोलून ते आत्तीच्या मागं गेले. दारात तिला आधार द्यायला त्यांनी हात पुढं केलेला मी बघितला. मी मागं गेले नाही. त्यानंतर बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, आत्तीला सांगितलं की नाही तेही मला आजवर कळलेलं नाही. पण ते दहा दिवस मला पाठ आहेत. शुक्रवारी मुगाची उसळ होती. शनिवारी मेथी. रविवारी आत्तीनं मटण केलं होतं, पोर घाबरलीय म्हणून मुद्दाम माझ्यासाठी, आणि तांबडा रस्सा मी दोनदा मागून घेतला होता.